टेसरॅक्ट सोर्सवरून कसं बिल्ड करायचं: मराठी ओसीआरसाठी सविस्तर मार्गदर्शक

स्कॅन केलेल्या मराठी पानांतून मजकूर काढायचा (म्हणजे ओसीआर करायचं) असेल, तर टेसरॅक्टइतकं भरवशाचं मुक्त सॉफ्टवेअर क्वचितच सापडेल. १९८५ ते १९९४ या काळात ते ह्युलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टल आणि ग्रीली इथल्या शाखांमध्ये लिहिलं गेलं. २००५ मध्ये कंपनीने ते मुक्त केलं. २००६ पासून नोव्हेंबर २०१८ पर्यंत त्याचा विकास गूगलकडे होता आणि त्यानंतर स्वयंसेवकांचा समूह तो पाहतो. पाचवी आवृत्ती ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आली. परवाना अपाची २.० आहे, म्हणजे वापरायला, बदलायला, वाटायला मोकळीक आहे.

बिल्ड करणं म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम स्वतः तयार करणं. हा लेख उबुंटू आणि डेबियन ही लिनक्सची वितरणं समोर ठेवून लिहिला आहे. यातली बहुतेक माहिती 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल' या पद्धतीने बिल्ड होणाऱ्या कुठल्याही पॅकेजला लागू पडते. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं तेवढी मोठ्या अक्षरांत असतात.

आधी ठरवा: बिल्ड करायची गरज आहे का?

उबुंटू २४.०४ वर पॅकेजमधूनच ५.३.४ मिळतं आणि डेबियन १२ वर ५.३.०. मराठीचं पॅकेज वेगळं असतं, त्याचं नाव 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर'. हे दोन्ही बसवून काम भागत असेल तर तिथेच थांबा. पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत राहतात. स्वतः बिल्ड केलेल्याची जबाबदारी कायम आपल्यावर राहते.

सोर्सची वाट धरण्याची खरी कारणं मोजकी आहेत. मशिनवर उबुंटू २२.०४ आहे आणि पॅकेजमध्ये जुनं ४.१.१ येतंय. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर रूटचे (सगळी सिस्टिम बदलण्याचे) अधिकार नाहीत. एखादी दुरुस्ती मुख्य शाखेत आली आहे पण वितरणात अजून उतरलेली नाही. किंवा मराठीचं मॉडेल (अक्षरं ओळखायला शिकवलेली फाईल) स्वतः सुधारायचंय आणि त्यासाठी ट्रेनिंगची हत्यारं हवी आहेत.

साहित्य

कंपायलरला सी++१७ नीट कळायला हवं. उबुंटू २२.०४ वरचा जीसीसी ११ पुरेसा आहे. सी++१७ न कळणारा जुना कंपायलर असेल तर आधी तो नवा करा, नाहीतर बिल्ड अर्ध्यात थांबेल.

सुडो एपीटी इन्स्टॉल जी++ मेक ऑटोमेक लिबटूल पीकेजी-कॉन्फिग गिट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिबपीएनजी-डेव्ह लिबजेपेग-डेव्ह लिबटिफ-डेव्ह झेडलिब१जी-डेव्ह लिबवेबपी-डेव्ह
सुडो एपीटी इन्स्टॉल लिबलेप्टोनिका-डेव्ह

ट्रेनिंगची हत्यारं हवी असतील तर आणखी तीन: लिबपँगो१.०-डेव्ह, लिबकैरो२-डेव्ह आणि लिबआयसीयू-डेव्ह.

नावामागचं 'डेव्ह' महत्त्वाचं आहे. एखादी लायब्ररी चालवायला तिची .एसओ फाईल पुरते, पण तिच्या आधाराने दुसरं काही कंपाइल करायचं तर तिच्या हेडर फायली आणि पीकेजी-कॉन्फिगची .पीसी फाईल लागते. उबुंटू-डेबियनमध्ये या फायली 'डेव्ह' पॅकेजात असतात, फेडोरामध्ये 'डेव्हेल' पॅकेजात. 'लायब्ररी तर आहे, तरी कॉन्फिगर नाही म्हणतंय' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

लेप्टोनिका: सगळा खेळ इथे

टेसरॅक्ट स्वतः चित्राची फाईल उघडत नाही. पीएनजी, जेपेग, टिफ वाचणं, पान सरळ करणं, काळं-पांढरं करणं ही कामं लेप्टोनिका ही वेगळी लायब्ररी करते. टेसरॅक्टला तिची किमान १.७४ आवृत्ती लागते. उबुंटू २२.०४ वर १.८२ आहे, त्यामुळे तिथे पॅकेज पुरतं. रूट नसेल तर मात्र लेप्टोनिकाही सोर्सवरून करावी लागते, आणि गोंधळ होतो तो इथेच.

लेप्टोनिकाचं कॉन्फिगर चित्रांच्या लायब्ररी शोधतं. सापडल्या तर वापरतं आणि सापडल्या नाहीत तर त्यांच्याशिवाय पुढे जातं. कसलीही एरर येत नाही. मेक यशस्वी होतं, इन्स्टॉल होतं, त्यावर टेसरॅक्टही बिल्ड होतं. मग पहिली पीएनजी उघडायला जावं तर 'पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट' असा संदेश येतो. माणूस टेसरॅक्टमध्ये दोष शोधत बसतो. प्रत्यक्षात लेप्टोनिका कंपाइल होताना लिबपीएनजीची हेडर फाईल नव्हती, म्हणून पीएनजी वाचणाऱ्या फंक्शनच्या जागी पोकळ फंक्शन बसलं. म्हणून लेप्टोनिकाचं कॉन्फिगर चालल्यावर लगेच वर सरका आणि पीएनजी, जेपेग, टिफ, झेडलिब यांच्या ओळींपुढे 'येस' आहे का ते पाहा. एखादीपुढे 'नो' असेल तर मेकपर्यंत जाऊच नका.

लायब्ररी नंतर बसवली असेल तर नुसतं पुन्हा 'मेक' करण्यावर विसंबू नका. जुन्या ऑब्जेक्ट फायली राहिल्या तर पोकळ फंक्शनही राहील. बिल्डचा फोल्डर पूर्ण काढा, कॉन्फिगर पुन्हा चालवा, मग मेक.

रूटशिवाय सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये करायचं असेल तर क्रम असा: आधी झेडलिब, मग लिबपीएनजी, लिबजेपेग आणि लिबटिफ, मग लेप्टोनिका, शेवटी टेसरॅक्ट. सगळ्यांना एकच प्रिफिक्स (ज्या फोल्डरखाली सगळं बसतं त्याचा मार्ग) द्या, उदाहरणार्थ $होम/.लोकल. प्रत्येक पायरीआधी पुढच्या कॉन्फिगरला मागच्या लायब्ररी सापडतील याची सोय करा:

एक्सपोर्ट पीकेजी_कॉन्फिग_पाथ=$होम/.लोकल/लिब/पीकेजीकॉन्फिग
एक्सपोर्ट सीपीपीफ्लॅग्ज=-आय$होम/.लोकल/इन्क्लूड
एक्सपोर्ट एलडीफ्लॅग्ज=-एल$होम/.लोकल/लिब

लेप्टोनिका झाली की 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट' चालवा. आपण बिल्ड केलेला आकडा दिसला तर पुढे जा. जुना आकडा दिसला तर टेसरॅक्टही जुन्याच लेप्टोनिकाला जोडलं जाईल. लक्षात ठेवा, .पीसी फाईलचं नाव पूर्ण 'लेप्टोनिका' नसून 'लेप्ट' एवढंच आहे.

सोर्स आणणं

गिट क्लोन करताना ठरावीक टॅग (एका आवृत्तीची खूण) मागा. मुख्य शाखा रोज बदलते आणि चार महिन्यांनी 'आपण नेमकं काय बिल्ड केलं होतं' हे सांगता येत नाही. इथे ५.५.० धरू.

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच ५.५.० (गिटहबवरच्या टेसरॅक्ट-ओसीआर संस्थेच्या टेसरॅक्ट रेपोचा पत्ता)

'--डेप्थ १' मुळे जुना इतिहास उतरत नाही, नेट मंद असेल तर याने बराच वेळ वाचतो. ज्या फोल्डरमध्ये सोर्स ठेवाल त्याच्या पूर्ण मार्गात मोकळी जागा नको. 'माझे प्रकल्प' अशा नावाच्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर अडतं किंवा मेक विचित्र ठिकाणी तुटतं.

ऑटोजेन आणि कॉन्फिगर

रेपोमध्ये तयार कॉन्फिगर स्क्रिप्ट नसते, ती आपल्याच मशिनवर तयार करायची:

सीडी टेसरॅक्ट
./ऑटोजेन.एसएच

इथे 'एक्लोकल' किंवा 'लिबटूलाइझ' सापडत नाही अशी एरर आली तर ऑटोमेक किंवा लिबटूल राहिलंय. पीकेजी-कॉन्फिग बसवलेलं नसेल तर ऑटोजेन 'मिसिंग पीकेजी-कॉन्फिग' असं सांगून थांबतं. जुन्या आवृत्त्यांत मात्र ऑटोजेन निमूट पूर्ण व्हायचं आणि नंतर कॉन्फिगर लेप्टोनिकाच्या नावाजवळ 'सिंटॅक्स एरर' म्हणत कोसळायचं. स्क्रिप्टमध्ये चूक आहे असं वाटायचं, पण तसं नसायचं. ऑटोजेन चालताना पीकेजी-कॉन्फिग नसल्याने त्याचं मॅक्रो उलगडायचं नाही आणि तसंच कच्चं स्क्रिप्टमध्ये उतरायचं. दोन्ही वेळा उपाय एकच: पीकेजी-कॉन्फिग बसवा आणि ऑटोजेन पुन्हा चालवा. नुसतं कॉन्फिगर पुन्हा चालवून काही होणार नाही.

आता बिल्डसाठी वेगळा फोल्डर करा. सोर्स स्वच्छ राहतो आणि काही बिनसलं तर हा फोल्डर उडवला की झालं.

एमकेडीआयआर बिल्ड
सीडी बिल्ड
../कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

प्रिफिक्स न देता सोडलं तर सगळं /यूएसआर/लोकलमध्ये जातं. बहुतेक मार्गदर्शक तेच सांगतात, आमचा सल्ला वेगळा आहे. उबुंटू २४.०४ वर पॅकेजमधून आलेल्या लायब्ररीचं नाव 'लिबटेसरॅक्ट.एसओ.५' आणि आपण बिल्ड केलेल्या लायब्ररीचंही तेच. आपली /यूएसआर/लोकल/लिबमध्ये गेली की वितरणातून आलेले इतर प्रोग्रामही तिलाच उचलू शकतात. ते तिच्यावर तपासलेले नसतात. आवृत्तीच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर ठेवला की हा प्रश्नच उरत नाही, दोन आवृत्त्या शेजारी नांदतात आणि काढायची वेळ आली तर एकच फोल्डर काढायचा.

प्रिफिक्सचा आणखी एक परिणाम होतो. भाषेच्या फायली कुठे शोधायच्या हा मार्ग कंपाइल होतानाच प्रोग्राममध्ये कोरला जातो: प्रिफिक्स, त्याखाली 'शेअर', त्याखाली 'टेसडेटा'. बिल्ड झाल्यावर फोल्डर दुसरीकडे हलवला तर प्रोग्राम जुन्याच जागी शोधत राहतो. तेव्हा प्रिफिक्स आधीच विचार करून ठरवा.

इतर पर्यायांपैकी कामाचे दोन. '--डिसेबल-ग्राफिक्स' ने डीबगिंगची खिडकी दाखवणारा भाग वगळला जातो, सर्व्हरवर तो लागत नाही. '--डिसेबल-लेगसी' ने तिसऱ्या आवृत्तीच्या काळातलं जुनं इंजिन वगळलं जातं. मराठी मजकूर ओळखायला चौथ्या आवृत्तीपासूनचं न्यूरल इंजिनच वापरायचं असल्याने याने तिथे काही अडत नाही. पानाची दिशा ओळखणं (ओएसडी) मात्र जुन्या इंजिनावरच चालतं, ते हवं असेल तर हा पर्याय देऊ नका.

कॉन्फिगर संपताना ट्रेनिंगची हत्यारं बिल्ड करता येतील की नाही हे स्पष्ट सांगतं. हवी असतील आणि नकार आला असेल तर पँगो, कैरो किंवा आयसीयू यांपैकी काहीतरी राहिलंय. कोणतं ते वरच्या ओळींत सापडतं.

कॉन्फिगर मध्येच थांबलं तर 'कॉन्फिग.लॉग' उघडा. ही फाईल लांबलचक असते आणि तिच्या अगदी शेवटी व्हेरिएबलची भली मोठी यादी असते, तिच्यात एरर नसते. यादीच्या वर जाऊन 'फेल्ड प्रोग्रॅम वॉज' हे शब्द शोधा. त्याच्या जरा वर कंपायलरने दिलेली खरी एरर असते: अमुक हेडर नाही, अमुक लायब्ररीला जोडता आलं नाही. पडद्यावरचा 'लेप्टोनिका १.७४ किंवा वरची हवी' हा संदेश लेप्टोनिका मुळीच नसताना, जुनी असताना आणि .पीसी फाईल न सापडल्यावर, तिन्ही वेळा सारखाच येतो. खरं कारण लॉगमध्येच कळतं.

मेक

मेक -जे$(एनप्रॉक)

'-जे' म्हणजे एकाच वेळी किती फायली कंपाइल करायच्या. 'एनप्रॉक' प्रोसेसरच्या कोअरची संख्या देतं. सी++ चा कंपायलर मेमरी भरपूर खातो. आठ कोअर पण २ जीबी मेमरी अशा व्हर्च्युअल मशिनवर आठ कामं एकदम सोडली तर कर्नल मधूनच एखाद्याला मारतो आणि 'किल्ड' आणि 'सीसी१प्लस' हे शब्द असलेली ओळ दिसते. सोर्समध्ये काही बिघडलेलं नाही. '-जे२' किंवा '-जे१' ने पुन्हा चालवा, झालेलं काम वाया जात नाही.

अनेक कामं एकत्र चालू असताना मूळ एरर वर सरकून जाते आणि शेवटी नुसतं 'एरर १' किंवा 'एरर २' उरतं. अशा वेळी साधं 'मेक' एकदा चालवा. ते पहिल्या अडचणीवर थांबेल. पहिली एरर तेवढी वाचायची, खालच्या बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात.

'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी' आणि नाव .एच ने संपतंय, तर हेडरचं पॅकेज नाही. 'एपीटी-फाईल सर्च' ने ती हेडर कुठल्या पॅकेजात आहे ते शोधता येतं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर हेडर सापडली पण जोडताना लायब्ररी मिळाली नाही किंवा हेडरपेक्षा वेगळ्या आवृत्तीची मिळाली. एकाच मशिनवर लेप्टोनिका पॅकेजातूनही आहे आणि होम फोल्डरमध्येही आहे, तेव्हा हेडर एकीकडची आणि लायब्ररी दुसरीकडची असं होऊ शकतं.

इन्स्टॉल आणि लायब्ररी सापडणं

सुडो मेक इन्स्टॉल

ट्रेनिंग हवं असेल तर 'मेक ट्रेनिंग' आणि मग 'सुडो मेक ट्रेनिंग-इन्स्टॉल' वेगळं चालवायचं, नेहमीच्या मेकमध्ये ते येत नाही. प्रिफिक्स होम फोल्डरमधला असेल तर सुडो अजिबात लावू नका, नाहीतर फायलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढच्या वेळी आपल्यालाच त्या बदलता येत नाहीत.

आता पूर्ण मार्ग देऊन चालवून पाहा:

/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/बिन/टेसरॅक्ट --व्हर्जन

'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल' असं आलं तर प्रोग्राम बरोबर आहे, लोडरला लायब्ररी सापडलेली नाही. /यूएसआर/लोकलमध्ये बसवलं असेल तर 'सुडो एलडीकॉन्फिग' एकदा चालवा. लोडरची यादी त्याशिवाय नवी होत नाही. वेगळ्या प्रिफिक्समध्ये असेल तर 'एलडीडी' या कमांडला प्रोग्रामचा मार्ग द्या. प्रत्येक लायब्ररी कुठून उचलली जाते ते दिसतं. 'नॉट फाउंड' ज्या ओळीत आहे ती लायब्ररी असलेला फोल्डर 'एलडी_लायब्ररी_पाथ' मध्ये टाका. कायमचा उपाय हवा तर कॉन्फिगरला एलडीफ्लॅग्जमधून 'आरपाथ' (लायब्ररी शोधायचा मार्ग प्रोग्राममध्येच कोरणारी सेटिंग) द्या आणि पुन्हा बिल्ड करा.

व्हर्जनचा निकाल सावकाश वाचा. पहिल्या ओळीत टेसरॅक्टची आवृत्ती, मग लेप्टोनिकाची, मग लेप्टोनिका कुठकुठल्या चित्र-लायब्ररींसह बिल्ड झाली त्याची यादी. यादीत लिबपीएनजी किंवा लिबटिफ नसेल तर वर सांगितलेली पोकळ फंक्शनची अडचण आहे. खाली 'फाउंड एव्हीएक्स२' अशा ओळी येतात. प्रोसेसरच्या वेगवान सूचना वापरल्या जात आहेत की नाही हे त्यांवरून कळतं. प्रोसेसर नवा असून एकही अशी ओळ नसेल तर ओळख फार मंद होईल.

नुसतं 'टेसरॅक्ट' टाइप केल्यावर जुनीच आवृत्ती येत असेल तर 'टाइप -ए टेसरॅक्ट' चालवा. शेलला दिसणारे सगळे टेसरॅक्ट क्रमाने दिसतील. पाथमध्ये (शेल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतो त्या यादीत) आपला 'बिन' फोल्डर आधी आणा आणि 'हॅश -आर' करा, शेल जुना मार्ग लक्षात ठेवतो.

मराठीची फाईल

मेक इन्स्टॉल भाषेची फाईल आणत नाही. ती वेगळी उतरवायची. नाव तीन अक्षरी भाषाचिन्हाचं: एम-ए-आर, पुढे '.ट्रेनडडेटा'. ती तीन रेपोंमध्ये मिळते. 'टेसडेटा_फास्ट' मधली छोटी आणि वेगवान असते. 'टेसडेटा_बेस्ट' मधली मंद पण अधिक अचूक, आणि पुढचं ट्रेनिंग फक्त हिच्यावरच करता येतं. तिसरा साधा 'टेसडेटा' रेपो. हजारो पानं असतील तर फास्टने सुरुवात करा, जुन्या खिळेछपाईची पानं असतील तर बेस्ट वापरून पाहा.

फाईल उतरवताना 'रॉ' दुवा वापरा. रेपोच्या पानावरचा साधा दुवा डब्ल्यूगेटला दिला तर फाईलऐवजी तिचं वेबपान उतरतं, नाव मात्र तेच राहतं. मग टेसरॅक्ट 'एमएआर' लोड करता आलं नाही असं सांगतं. 'फाईल' या कमांडने तपासा: 'एचटीएमएल' असं उत्तर आलं तर चुकीची वस्तू उतरली आहे.

हीच पद्धत इंग्रजीच्या फाईलला. '-एल' दिलं नाही तर टेसरॅक्ट इंग्रजीच शोधतं. पानाची दिशा ओळखायची असेल तर 'ओएसडी' ची फाईलही लागते. सगळ्या फायली प्रिफिक्सखालच्या शेअर/टेसडेटामध्ये ठेवा आणि 'टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज' ने खात्री करा.

'टेसडेटा_प्रिफिक्स' या व्हेरिएबलविषयी जुने सल्ले जपून वापरा. तिसऱ्या आवृत्तीत त्यात टेसडेटाच्या वरचा फोल्डर द्यायचा असे. आता थेट टेसडेटाचाच द्यायचा. जुनी सेटिंग शेलच्या फाईलमध्ये राहून गेली असेल तर सगळं बरोबर बसवूनही भाषा सापडत नाही. शक्यतो हा व्हेरिएबल वापरूच नका, गरज पडली तर '--टेसडेटा-डीआयआर' द्या.

पहिलं पान

टेसरॅक्ट पान.पीएनजी निकाल -एल एमएआर --पीएसएम ६

पान ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं असावं. '--पीएसएम ६' म्हणजे मजकुराचा एकच सलग ठोकळा धरायचा. वर्तमानपत्रासारखे रकाने असतील तर मूळचा ३ ठेवा. मध्ये इंग्रजी शब्द असतील तर '-एल एमएआर+ईएनजी'. हिंदीचं मॉडेल मराठी पानावर चालवू नका, लिपी एक असली तरी त्यातला शब्दसाठा हिंदीचा आहे.

निकाल तपासताना नेमक्या जागा पाहा: ळ, 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र, 'ॲ' आणि 'ऑ', आणि देवनागरी आकडे. चुका यांत साचलेल्या दिसल्या तर मॉडेल बदलून तेच पान पुन्हा चालवा.

अनेक पानं एकाच वेळी चालवायची तर आधी 'ओएमपी_थ्रेड_लिमिट=१' करा. एरवी प्रत्येक प्रक्रिया अनेक थ्रेड उघडते, त्या एकमेकींच्या वाटेत येतात आणि सगळं काम उलट मंदावतं.

आवृत्ती बदलताना

जुना बिल्ड फोल्डर ठेवून द्या. 'मेक अनइन्स्टॉल' त्यातूनच चालतं. तिथलं './कॉन्फिग.स्टेटस --कॉन्फिग' कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्याय परत दाखवतं. नवीन टॅग आला की नवा क्लोन, नवा बिल्ड फोल्डर, नवा प्रिफिक्स. नमुन्याची पाच-दहा पानं दोन्ही आवृत्त्यांवर चालवा, निकाल 'डिफ'ने ताडून पाहा आणि मगच पाथमधला मार्ग बदला. भाषेच्या फायली नव्या प्रिफिक्सच्या टेसडेटामध्ये कॉपी करायच्या राहिल्या तर पहिल्याच पानावर 'एमएआर' सापडत नाही अशी एरर येईल.